नक्षी शाबूत, तरी टायर जातो: ऊस हंगामाआधी ट्रकचे टायर घेताना काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं काही तुमच्या गाडीला होत असेल तर पुढचं सगळं वाचा.

- नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, तरी भरलेल्या गाडीखाली टायरचा वरचा पट्टा सुटून रस्त्यावर पडतो. चाकावर उरतो तो नुसता सांगाडा, नाहीतर उघड्या तारा.
- टायरच्या बाजूंवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसतात.
- एका जागी फुगा आलाय. चाळीस-पन्नासच्या वेगाला गाडी थडथडते, रिकामी असताना जास्तच.
- मागच्या जोडातला (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन टायरांतला) नेमका एकच टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो. वजनकाट्याच्या रांगेत गाडी थांबली की हात लावून लगेच कळतं. तो बदलला तरी त्याच जागचा पुन्हा जातो.
- पंक्चर नाही, तरी हवा उतरते. टायर उघडला तर ट्यूब बाहेरून घासलेली असते आणि आतून काळी भुकटी पडते.
- हवा भरतानाच बाजूतून कटकट आवाज येतो. हे दिसलं तर बाकीचं वाचत बसू नका, तिथून बाजूला व्हा. कारण शेवटी दिलं आहे.

नक्षी एकाच कडेने खाल्ली जात असेल किंवा ठिकठिकाणी खड्डे पडून झिजत असेल, तर तो वेगळा आजार आहे. अलाइनमेंट, किंगपिन, बेअरिंग बघा. टायर बदलून तो बरा होणार नाही.

हे पुन्हा पुन्हा का होतं

सांगली, कोल्हापूर, सातारा भागात ही तक्रार माझ्याकडे ठरलेल्या वेळी येते. उसाच्या बऱ्याच गाड्या पावसाळाभर उभ्या असतात. दसऱ्याच्या आसपास मालक टायरला हात घालतो. कारखान्याची उचल मिळालेली असते, पण त्यातून ऊसतोडीच्या मुकादमाचे आणि टोळीचे पैसे आधी जातात आणि टायरसाठी हातात थोडंच उरतं. मग दुकानातला पडून राहिलेला जुना माल, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे उतरवलेले टायर, नाहीतर रबर चढवलेले (जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी बसवलेले) टायर घेतले जातात. यातल्या कशालाही मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण घेताना मालक नक्षी बघतो, नख लावून खोली बघतो आणि पैसे देतो. वय बघायचं राहून जातं.

नक्षी टायर किती चालला ते सांगते, किती वर्षांचा आहे ते सांगत नाही. भार पेलतो तो आतला सांगाडा, म्हणजे केसिंग. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने हळूहळू कडक होत जातं. हे लांबवण्यासाठी कंपनी रबरात मेण आणि रसायनं घालते. टायर फिरत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराचं रक्षण करतात. टायर उभा राहिला की ती पुरेशी येत नाहीत. म्हणून सहा महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा टायर रोज धावणाऱ्या गाडीच्या टायरपेक्षा लवकर तडकलेला दिसतो. वेल्डिंगच्या किंवा मोटारींच्या शेजारी टायर रचून ठेवले तर तिथल्या ओझोनने ते आणखी लवकर खराब होतात.

बाहेरचे तडे निदान दिसतात तरी. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि रबर त्या तारांना चिकटून असतं. वय आणि उष्णता ही पकड आतून सोडवत जातात. बाहेर काहीही दिसत नसतं. भरलेली गाडी, तापलेला रस्ता, त्यात हवा थोडी कमी, की पट्टा सुटतो.

तपासणी १: बनवल्याची तारीख (खर्च नाही, वेळ एक मिनिट)

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. बहुतेकदा ते छोट्या लंबगोल चौकटीत असतात. निर्यातीच्या किंवा आयात टायरवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सापडतात. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३८२४ म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा, म्हणजे सप्टेंबरचा मध्य. ०९१९ म्हणजे २०१९ चा फेब्रुवारी संपून मार्च लागतानाचा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. त्याला हातही लावू नका.

बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते. दिसली नाही तर टायर उलटा करा. दुकानदार 'तारीख दुसऱ्या बाजूला आहे' म्हणाला, तर दुसरी बाजू स्वतः बघा. टायर जोडात आत बसला की ती बाजू पुन्हा दिसत नाही, म्हणून हे काम टायर डिस्कवर (चाकाच्या लोखंडी रिमवर) चढवण्याआधीच करायचं. प्रत्येक टायरचं वेगळं करायचं. सहा टायर एकदम घेतले तर सहाही एकाच महिन्यातले असतील असं धरून चालू नका. चांगल्या चार टायरांत दोन जुने घातलेले मी पाहिले आहेत.

तारखेच्या जागी घासल्याची, कापल्याची किंवा गरम सळईने डागल्याची खूण असेल तर तो टायर सोडा. तारीख आपोआप पुसली जात नाही. ती कुणीतरी घालवलेली असते आणि तेवढं कारण पुरे.

माझा हिशोब सांगतो. नवा टायर वर्षभराच्या आतला असेल तर निर्धास्त घ्या. एक ते दोन वर्षांचा असेल तर तो कुठे ठेवला होता ते विचारा आणि भाव कमी करून घ्या. तीन वर्षांच्या वरचा टायर 'नवा' म्हणून मी कुणाला घेऊ देत नाही, कारण आधीच म्हातारा झालेला टायर पुढे दोन-तीन हंगाम भरलेल्या गाडीखाली चालवायचा असतो. वापरलेला टायर पुढच्या चाकाला पाच वर्षांच्या वरचा नको, मागे फार तर सात. मिशेलिन ग्राहकांना सांगते की पाच वर्षं वापर झाल्यावर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की चांगला दिसला तरी बदला. आपलं ऊन आणि आपला भार बघता मी त्याच्या बराच अलीकडे थांबतो.

'दिसायला तर नवा आहे' असं म्हणणाऱ्याला मी इंग्लंडमधली एक घटना सांगतो. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यात एका प्रवासी बसचा पुढचा टायर गेला आणि चालकासह तीन जण ठार झाले. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. त्यावर नक्षी पुरेशी होती, कायद्याने तो चालत होता. पुढे बरीच वर्षं लढा चालला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर दहा वर्षांवरचा टायर वापरायला बंदी आली.

दहा वर्षांच्या टायरचं मग करायचं काय? आपल्याकडे तो बैलगाडीला जातो. तिथे तो चालतोही, कारण बैलाच्या चालीने टायर तापत नाही. ट्रकला नको.

तपासणी २: आयएसआय खूण (खर्च नाही, मोबाइल लागतो)

आपल्याकडे ट्रकच्या नव्या टायरवर आयएसआय खूण लागते. व्यापारी वाहनांच्या टायरचं मानक आयएस १५६३६ आहे. खुणेजवळ 'सीएम/एल' लिहून परवान्याचा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. अ‍ॅपमधलं नाव आणि टायरवरचं नाव जुळलं नाही तर निघून या. स्वस्त, अनोळखी नावाच्या टायरला हे करायलाच हवं.

तपासणी ३: ओलं फडकं आणि ऊन

टायर दुकानाच्या अंधारातून उन्हात आणा. जुन्या टायरला काळं पॉलिश मारतात, त्यात तडे भरून निघतात. ओल्या फडक्याने बाजू पुसा. मग अंगठ्याने रबर दाबून बाजूला ताणा. तडा असेल तर उघडतो. अगदी वरवरचे तडे वापरलेल्या टायरला असतातच. पण नख अडकत असेल किंवा तड्यात धागा अथवा तार दिसत असेल तर तो टायर संपला. खाचांचा तळही असाच बघा.

याच वेळी नक्षी खरी आहे का ते बघा. गुळगुळीत टायरवर तापलेल्या पात्याने नवी नक्षी कोरून विकतात. ओळखायची खूण सोपी आहे. टायरच्या खांद्यावर जिथे त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' लिहिलेलं असतं, त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. कोरताना तो कापला जातो. खूण आहे आणि उंचवटा नाही, म्हणजे नक्षी हाताने कोरलेली. तारांवरचं उरलंसुरलं रबरही त्यात गेलेलं असतं. काही टायर कंपनीच कोरण्याजोगे बनवते आणि तसं त्यावर छापते. छापलेलं नसेल तर कोरलेला टायर घेऊ नका.

खोली मोजायला छोटा गेज घ्या, फार महाग नसतो. ट्रकला कायद्याने किमान १.६ मिलीमीटर नक्षी लागते, पण हा शेवटचा आकडा आहे. पुढच्या चाकाला चार मिलीमीटरच्या खाली गेलेला टायर मी मागच्या चाकाला लावायला सांगतो. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशावर २०२३ पासून आरटीओचे लोक टायर बघतात आणि गुळगुळीत टायरची गाडी परत पाठवतात, तेही लक्षात ठेवा.

तपासणी ४: बाजूवरचे आकडे आणि तुमचा भार

हे मालक सर्वांत जास्त टाळतात. 'त्याच जागचा टायर पुन्हा पुन्हा जातो' या तक्रारीचं उत्तर मला बरेचदा इथेच मिळालं आहे.

१०.०० आर २० या नेहमीच्या मापात १६ पीआर आणि १८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या ताकदीचा वर्ग) असे दोन्ही टायर मिळतात. दिसायला सारखे, भार वेगळा. १६ पीआरवर साधारण १४६/१४३ असं छापलेलं असतं आणि १८ पीआरवर १४९/१४६. आधीचा आकडा एकट्या टायरचा, नंतरचा जोडात बसवलेल्या टायरचा. १४३ म्हणजे एका टायरला २७२५ किलो, १४६ म्हणजे ३००० किलो, १४९ म्हणजे ३२५० किलो.

आता हिशोब करा. २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरचा परवानगीचा भार वाढवला. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला तो ११.५ टन झाला. १६ पीआरचे चार टायर मिळून पेलतात १०,९०० किलो. म्हणजे कायद्यात बसणारा भार भरला तरी सहाशे किलो जास्त! १८ पीआरचे चार टायर १२,००० किलो पेलतात. आणि उसाची गाडी काट्यावर किती भरते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुन्या काळचे १६ पीआरचे टायर सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात, त्यामागचं एक कारण हेही आहे. तुमच्या टायरवरचे आकडे वाचा, गाडीच्या कागदावरचा भार बघा आणि मगच भाव बोला.

शेवटचं अक्षर वेगाचं. 'के' म्हणजे ताशी ११०, 'जे' म्हणजे १००. ऊस वाहतुकीला दोन्ही चालतात.

तपासणी ५: आतून हात (टायर डिस्कवरून उतरवलेला हवा)

सेकंडहँड टायर डिस्कवर चढवलेला, हवा भरलेला विकत घेऊ नका. उतरवून दाखवायला सांगा. उतरवायची मजुरी तुम्ही दिली तरी परवडते. विकणारा नाही म्हणाला तर घेऊ नका.

बॅटरी (टॉर्च) घ्या आणि आतून पूर्ण वेढा बघा. बाजूच्या आतल्या अंगाला गोल फिरलेली सुरकुती किंवा काळपट, रबर सोलल्यासारखा पट्टा दिसला तर तो टायर कमी हवेत चालवलेला आहे. पोलादी तारांच्या रेडियलमध्ये ही सर्वांत धोक्याची खूण. बाजूच्या तारा वाकून वाकून थकलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे हवा भरताना तो टायर बाजूने कपड्याची चेन उघडावी तसा लांबच्या लांब फाटतो.

मग हात फिरवा. टोचलं तर तार वर आली आहे, ट्यूब तीच खाते. आत गेटर (आतून ठेवलेला जुन्या टायरचा तुकडा) लावलेला असेल तर तिथे टायर कापलेला होता असं समजा. गेटर वजन पेलत नाही, फक्त भोक झाकतो. पुढच्या चाकाला असा टायर कधीही नको. कडेची बीड (डिस्कवर बसणारी जाड कड) तुटलेली, वाकलेली किंवा तार दिसत असलेली असेल तर तिथेच थांबा. ती डिस्कवर नीट बसणार नाही.

रबर चढवलेला टायर

याला मी वेगळं ठेवतो, कारण इथे फसगत सर्वांत सोपी आहे आणि बचतही खरी आहे. चांगल्या केसिंगवर चांगल्या कारखान्यात रबर चढवलं तर मागच्या जोडाला तो टायर हंगाम सहज काढतो. अडचण ही की नक्षी नवी कोरी असते आणि केसिंग कितीही जुनं असू शकतं. म्हणून बाजूवरची मूळ तारीख इथेही वाचायचीच. केसिंग पाच वर्षांपलीकडचं असेल तर मी सोडतो. बाजूवरही नवं रबर मारून तारीख झाकली असेल तरीही सोडतो.

नवा पट्टा जुन्या टायरला जिथे जोडला आहे ती रेघ दोन्ही खांद्यांवर पूर्ण वेढा बघा. नख आत जाता कामा नये. मग छोट्या हातोडीने वरून टकटक करत फिरा. सगळीकडे एकसारखा आवाज हवा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे चिकटलेलं नाही. पुढच्या चाकाला रबर चढवलेला टायर मी कुणाच्याही गाडीला बसवत नाही. मागचा एक टायर गेला तर शेजारचा गाडी धरतो. पुढचा गेला तर फक्त स्टिअरिंग धरलेला माणूस असतो.

तपासणी ६: जोड जमतो का

चांगला टायरही चुकीच्या जोडात जातो. जोडातले दोन टायर उंचीला सारखे हवेत. १०.०० मापात दोन्हींच्या व्यासात १२ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. टेपने घेर मोजला तर ३८ मिलीमीटरच्या आत. टायर चढवून, हवा भरून मोजा. मोठा टायर सगळा भार अंगावर घेतो आणि तापतो, छोटा घासत जातो. नवा एक आणि अर्धा झिजलेला एक असा जोड लावला, तर बहुधा नवाच आधी जातो आणि दोष कंपनीला दिला जातो. एकाच अ‍ॅक्सलवर एकीकडे नायलॉन (जुन्या पद्धतीचा, पोलादी पट्टे नसलेला) आणि दुसरीकडे रेडियल तर कधीच नको.

टायर नवा असेल तर ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) नवे घाला. जुनी ट्यूब वाढलेली असते, आत घडी पडते आणि घडीवर फुटते. स्टेपनीची तारीखही याच वेळी बघून ठेवा. वर्षानुवर्षं खाली लटकलेला तो टायर न वापरताच म्हातारा झालेला असतो आणि लागतो तेव्हा भरलेल्या गाडीला लागतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

रिंगवाल्या डिस्कवर (टायर धरायला कडेला सुटी लोखंडी रिंग असते त्या) स्वतः हवा भरू नका. रिंग नीट बसली नसेल तर उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. हवा असताना रिंगवर हातोडा मारणारा कारागीर बघितला तर गाडी दुसरीकडे न्या. हवा भरायला पिंजरा, लांब नळी आणि नळीला लावलेला गेज असलेलं दुकान शोधा, थोडं लांब असलं तरी.

टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या हवेच्या ८० टक्क्यांच्या खाली असताना गाडी चाललेली असेल, तर त्यात तशीच हवा भरायची नाही. ११० पौंड हवेचा टायर ८८ च्या खाली गेला की तो कमी हवेत चाललेला धरा, उतरवा, आतून तपासून घ्या. हवा भरताना कटकट ऐकू आली म्हणजे बाजूच्या तारा तुटतायत. कॉम्प्रेसर लांबूनच बंद करा आणि टायरच्या बाजूसमोरून हटा. टायरवाल्याला सांगा आणि तो येऊन हवा पूर्ण काढेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

फुगा आलेला टायर 'ही एक खेप टाकून येतो' म्हणून चालवू नका. तो तिथेच बदला. फुग्याची दुरुस्ती होत नाही.

सगळं तपासलं, टायर तरुण आहेत, जोड बरोबर आहे, हवा बरोबर आहे, तरी एकाच जागचा टायर तापतो. मग दोष टायरात नाही. ब्रेक धरून राहतोय का, बेअरिंग घट्ट आहे का, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एका बाजूला बसलेत का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. तिथे तिसरा टायर घालून काही होणार नाही.

नवा टायर मुदतीत गेला तर तुकडे टाकून देऊ नका. पट्ट्याचा सापडेल तेवढा भाग, केसिंग, ट्यूब सगळं ठेवा आणि दुकानदारामार्फत कंपनीच्या सर्व्हिस इंजिनीअरला बोलवा. तो टायर कापून, आत बघून कारण ठरवतो. टायर कमी हवेत चालवल्याची खूण निघाली तर दावा मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यासाठी टायर घेतानाच पक्क्या बिलावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर आणि तारखेचे चार आकडे लिहून घ्या. वॉरंटीच्या कार्डावर मुदत विक्रीपासून मोजायची आहे की टायर बनवल्यापासून, तेही दुकानातच वाचा. टायर चढवण्याआधी त्या चार आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण आतल्या टायरचे ते आकडे नंतर कुणालाच दिसत नाहीत.